निष्ठेचे अंकगणित

१

आपसांतील युद्धासाठी मराठीत निदान तीन शब्द सहज हाताशी येतात : यादवी, भाऊबंदकी आणि फितुरी. आपण ते आलटूनपालटून वापरतो. ती तीन निरनिराळ्या कथानकांची नावे आहेत, ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती मात्र एका खेळाचे नियम लिहिताना. बखरवाङ्मय आणि कथनमीमांसा या विषयांच्या अध्यापनात बरीच वर्षे घालवलेल्या व्यक्तीला हे इतक्या उशिरा आणि आडवाटेने कळावे, याची थोडी शरम वाटते. परंतु ती आडवाटच या लेखाचा विषय असल्यामुळे तिची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. एम.ए. झाल्यावर तो संगणकावरील ऐतिहासिक डावपेचांचे खेळ तयार करण्याच्या व्यवसायात शिरला होता. त्याच्या डोक्यातील खेळ १७०७ साली, शाहूच्या सुटकेपासून सुरू होत होता आणि १७३१ च्या वारणेच्या तहाशी संपत होता. सातारा आणि करवीर या दोन गाद्या जिच्यातून निर्माण झाल्या, ती यादवी हा त्याचा विषय. खेळ पुढे संगणकावर जायचा होता. तूर्त तो कागदी नकाशा, सरदारांचे पत्ते, सोंगट्या आणि फासे एवढ्यावरच होता. "मॅडम, लढाईचे नियम झालेत," तो म्हणाला, "सैन्य, रसद, किल्ले, सगळं जमतं. माणसं बाजू का बदलतात, त्याचा नियम जमत नाही. तुम्ही बखरी शिकवता, म्हणून आलो."

त्याची अडचण खरी होती आणि ती केवळ तांत्रिक नव्हती. युद्धाचे खेळ मुळात परक्याशी लढण्यासाठी रचलेले असतात. बुद्धिबळात मोहरा मरतो, पण रंग बदलत नाही. जपानी शोगीत पकडलेला मोहरा पकडणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरतो. पण तोही स्वतः होऊन जात नाही, त्याला नेले जाते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून रूढ झालेल्या युद्धखेळातही दोन रंग आधीच ठरलेले होते. यादवीत नेमके हेच ठरलेले नसते. कोणता मोहरा कोणत्या रंगाचा, हाच तिथे लढाईचा विषय असतो.

२

पहिला नियम आम्ही प्रचलित पद्धतीने केला. प्रत्येक सरदाराला 'निष्ठा' नावाचा एक अंक दिला : शून्य ते शंभर. पगार थकला की अंक उतरे, मान मिळाला की चढे, पराभव झाला की पुन्हा उतरे. चाळिसाच्या खाली गेला की फासा टाकायचा आणि सरदार फुटतो का ते पाहायचे. या जातीची व्यवस्था अनेक प्रसिद्ध खेळांत आढळते. २००४ पासून निघत असलेल्या 'क्रूसेडर किंग्ज' या मालिकेत मांडलिकांचे आपल्या धन्याविषयीचे मत असेच आकड्यात मोजले जाते आणि असंतुष्टांचे गट पुरेसे बलवान झाले की ते दुसऱ्या दावेदाराला पुढे करतात. ही रचना समजायला सोपी आणि खेळायला रंजक आहे.

आमच्या तक्त्यात आणखी एक ओळ होती. शाहू वडील शाखेचा, संभाजीचा पुत्र. म्हणून त्याच्या बाजूच्या प्रत्येक सरदाराच्या निष्ठेत वीस अंकांची भर. ताराबाई अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार करणारी. म्हणून तिच्या बाजूला दहा अंकांची वजावट. ही ओळ मीच सुचवली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. मला ती 'इतिहासाला धरून' वाटली होती.

सहा डाव झाले आणि सहाही शाहूने जिंकले. सहाव्या डावात ताराबाईच्या बाजूने खेळणारी विद्यार्थिनी पत्ते खाली ठेवत म्हणाली, "मॅडम, हरायचं कसं एवढंच माझ्या हातात आहे." आम्ही ती वीस अंकांची ओळ उलट करून पाहिली; ताराबाई जिंकू लागली. याचा अर्थ असा की युद्ध पटावर होतच नव्हते. ते तक्त्यात, पहिली सोंगटी हलण्याच्या आधीच, मी संपवलेले होते.

हेडन व्हाइट यांनी १९७३ साली 'मेटाहिस्टरी'त दाखवून दिले की इतिहासकार घटनांना कथानकाचा एखादा घाट देतो आणि तो घाटच त्याचे भाष्य असते. हे मी दरवर्षी शिकवते. परंतु बखरीतील निवेदक निदान बोलतो. त्याची अलंकारिक भाषा, त्याची स्तुती, त्याचा पक्षपात कानांना ऐकू येतो आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. नियमाला आवाज नसतो. वीस हा अंक कोणाच्याही बाजूने बोलत असल्याचे दिसत नाही. तो जणू वस्तुस्थितीच असतो. इयन बोगोस्ट यांनी २००७ साली खेळातील प्रक्रियेच्याच अंगी असलेल्या वक्तृत्वाविषयी लिहिले आहे. माझ्या अनुभवात त्या वक्तृत्वाचे बळ त्याच्या मुकेपणात आहे. सर्वसाक्षी निवेदकाची इतकी परिपूर्ण आवृत्ती कादंबरीलाही साधलेली नाही.

आणि त्या अंकात दडलेला निवेदक कोण होता? तो विजयी पक्षाचा होता. १७०० साली राजारामाच्या मृत्यूनंतर सात वर्षे औरंगजेबाविरुद्धचे युद्ध जिने चालवले, तिच्या बाजूला मी वजाबाकी लिहिली होती. आणि १६८९ पासून जवळजवळ अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत असलेल्या, सरदारांपैकी बहुतेकांनी मोठेपणी पाहिलेलाही नसलेल्या राजपुत्राच्या बाजूला बेरीज. पुढे काय झाले हे मला माहीत होते. ते माहीत असणे मी १७०७ च्या सरदारांच्या मनात घातले होते.

३

येथे मी पुन्हा त्या तीन शब्दांकडे वळते. 'फितुरी' हा शब्द एक केंद्र गृहीत धरतो. राजा ठरलेला आहे, त्याच्यापासून कोणी फुटते. निष्ठेचा अंक हा या शब्दाचा नियमात केलेला अनुवाद होय. 'भाऊबंदकी'त केंद्र नसते, वाटणी असते. तिचा नियम वारसाहक्काच्या कज्जासारखा होईल. 'यादवी' तर मौसलपर्वाची आठवण घेऊनच येते. तिथे शाप आहे, मद्य आहे, उपटलेल्या गवताची मुसळे होणे आहे. कारणमीमांसा जवळजवळ नाही. तिचा नियम म्हणजे अचानक ओढवणारी आपत्ती. शब्द निवडला की नियम निवडला जातो आणि नियम निवडला की दोषी कोण हेही ठरते.

१७०७ मध्ये प्रश्न कोणता होता? आझमशहाने मे महिन्यात शाहूला सोडले आणि तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हा ताराबाईने दोन उत्तरे दिली. एक, हा शाहू नव्हेच, तोतया आहे. दोन, असला तरी त्याचा हक्क नाही. थोरल्या महाराजांचे राज्य संभाजीच्या काळात गेले, ते आपल्या पतीने नव्याने राखले. तर्कदृष्ट्या ही दोन उत्तरे एकत्र नांदत नाहीत. पहिले ओळखीविषयी आहे, दुसरे अधिकाराविषयी. परंतु ती एकाच वेळी दिली गेली, याचाच अर्थ असा की राजा कोण हे अजून ठरायचे होते. निष्ठा मोजायची तर कोणापासूनच्या अंतराने?

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या विवेचनात ओळख पटण्याच्या क्षणाला मोठे स्थान दिले आहे आणि तिचे प्रकारही सांगितले आहेत : खुणेने, स्मरणाने, तर्काने, घटनाक्रमातूनच. आपल्याकडे कालिदासाने अभिज्ञान हा शब्द नाटकाच्या नावातच घातला. शाकुंतलात ओळख देण्याची सत्ता राजाकडे आहे. तो ओळखत नाही, म्हणून शकुंतला कोणीच नाही. १७०७ मध्ये हे नाते उलटे झाले. सेवकांनी ओळखले तरच राजा राजा. परसोजी भोसल्यांनी शाहूबरोबर एका ताटात जेवून त्याच्या खरेपणाची ग्वाही दिली, असे परंपरा सांगते. ते ताट म्हणजे या कथेतील अंगठी. फरक एवढाच की अंगठी आधीपासून असलेले सत्य उघड करते. ताटाने ते सत्य घडवले.

यातून दुसरा नियम तयार झाला. निष्ठेचा अंक आम्ही काढून टाकला. प्रत्येक सरदारापाशी तीन गोष्टी ठेवल्या : त्याच्या ताब्यातला मुलूख, त्या मुलखाची सनद कोणाची आहे ते, आणि त्याने जाहीरपणे कोणाला राजा म्हणून ओळखले आहे ते. सनदा दोन्ही बाजूंनी द्याव्यात. ताब्यात नसलेल्या मुलखाच्याही द्याव्यात. एकाच सरदाराने दोघांच्याही घ्याव्यात. ओळख देणे ही मात्र स्वतंत्र आणि उघड खेळी. ती पहिल्याने देणाऱ्याला महाग पडते, नंतर येणाऱ्याला स्वस्त. कारण प्रत्येक ओळख पुढच्या ओळखीची वाट रुंद करते. बाहेरच्या दरबारांनाही ओळख देता यावी, किंवा देणे लांबवता यावे. १७०९ मध्ये बहादूरशहाने दोघांपैकी कोणालाच निर्णायक मान्यता दिली नाही आणि १७२७ मध्ये खरा हक्कदार कोण ते ठरेपर्यंत म्हणून निजामाने चौथाई अडवली. परक्याच्या दृष्टीने न ठरलेला राजा हाच सर्वांत सोयीचा राजा असतो.

या नियमाला समांतर असे खेळ नव्हते असे नाही. १९७४ च्या 'किंगमेकर' मध्ये, इंग्लंडातील गुलाबांच्या युद्धांवरच्या खेळात, राजघराण्याचे वारस ही पटावरची निव्वळ प्यादी असतात. ती ज्या सरदारांच्या हाती पडतील त्यांची. १७१४ साली पन्हाळ्याच्या बाजूस राजसबाईच्या पक्षाने ताराबाईला आणि तिच्या मुलाला कैदेत टाकून दुसरा वारस गादीवर बसवला, ते समजण्यासाठी हा खेळ उपयोगी आहे. २०१५ च्या 'पॅक्स पामिर' मध्ये खेळाडू स्वतःच अफगाण सरदार असतो आणि इंग्रज, रशियन व अफगाण या तीन आघाड्यांमधली आपली निष्ठा बदलू शकतो. मात्र जुन्या निष्ठेतून जे कमावले ते गमावून. या दोन्ही खेळांत राजा केंद्रस्थानी नाही, हे मला त्यांचे मोठे गुण वाटतात.

दुसऱ्या नियमाने खेळलेले डाव पूर्णपणे वेगळे झाले. धनाजी जाधवांच्या बाजूने खेळणारा विद्यार्थी चार पाळ्या काहीच करीना. ताराबाईच्या फौजेबरोबर तो निघाला, नदीपर्यंत गेला, आणि खेडच्या रणांगणावर त्याने शाहूला ओळख दिली. ऑक्टोबर १७०७ मध्ये घडले ते हेच. परशुराम त्र्यंबक एकाकी पडले, साताऱ्याकडे मागे हटले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूचा राज्याभिषेक झाला. त्या विद्यार्थ्याला हा इतिहास ठाऊक नव्हता. गप्प राहणे हीच या पटावरची सर्वांत बलवान खेळी आहे, एवढे त्याला कळले होते. दुसऱ्या एका डावात धनाजी ओळख न देताच मागे फिरला आणि राज्य दहा वर्षे दुभंगलेले राहिले. तेही पटण्याजोगे होते. १७११ मध्ये धनाजीच्याच मुलाने, चंद्रसेनाने, शाहूला सोडले. १७१४ मध्ये ताराबाईच्या पक्षाच्या कान्होजी आंग्र्यांना बाळाजी विश्वनाथाने तहाने शाहूकडे आणले. हे सर्व आता तक्त्यातल्या वीस अंकांशिवाय घडू शकत होते.

आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात फितना ही संज्ञा राज्य मोडण्याची नव्हे तर राज्य घडण्याची रीत म्हणून मांडली आहे. माझा पट तेच सांगत होता आणि मला मोठे समाधान वाटत होते. ते फार टिकले नाही.

४

ज्याने हे समाधान मोडले, तो शंकराजी नारायण सचिवांचा पत्ता होता. ताराबाईने सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या, असे परंपरा सांगते. शाहू जवळ आला. शपथ मोडवेना आणि धन्याच्या वंशावर शस्त्रही धरवेना, तेव्हा सचिवांनी १७०७ मध्ये स्वतःचा जीव दिला, असे सांगितले जाते. एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, याची खेळी कोणती?"

त्याची खेळी नव्हती. पहिल्या नियमात हा माणूस केवळ शंभर अंकांचा सरदार ठरला असता. दुसऱ्या नियमात तो हिशेब न जमलेला सरदार ठरत होता. मी फितुरीच्या नीतिकथेतून सुटका करून घेतली खरी, पण माझ्या पटावरचे सगळे सरदार आता बाजारात उभे होते. सनदांची किंमत पाहत, योग्य क्षणी ओळख विकत. ही अठराव्या शतकाची कथा होती, की आपल्याच काळाची, जिला प्रत्येक माणूस स्वतःचा फायदा मोजणाराच वाटतो? विजेत्याचा निवेदक हाकलून मी दुसरा निवेदक बसवला होता, आणि तोही तितकाच मुका होता.

विद्यार्थी म्हणाला, "पत्ता काढून टाकू. एकाच माणसासाठी नियम करत नाहीत." तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर होते. पण साहित्याचा अभ्यासक म्हणून मला आयुष्यभर हेच शिकवले गेले आहे, आणि मीही शिकवले आहे, की जो तपशील संरचनेत बसत नाही तोच संरचनेची मर्यादा दाखवतो. शेवटी आम्ही 'शपथ' नावाची खेळी ठेवली. ती घेणाऱ्याला तात्काळ काही मिळत नाही; ती मोडता येत नाही; आणि दोन बंधने एकमेकांआड आली तर तो पत्ता खेळातून जातो. इतक्या डावांत ती दोघांनीच घेतली. का घेतली, हे विचारल्यावर दोघांनाही नीट सांगता आले नाही.

५

आता या लेखातील खाजगी गोष्ट. आमचे मूळ गाव वारणेच्या उत्तर काठी. आजोबांच्या खोलीत एका सनदेची काच लावलेली चौकट होती. सातारच्या गादीने वतन बहाल केल्याचा तो कागद. "आपल्या घराण्यात फितूर झाला नाही," हे वाक्य मी लहानपणी त्या चौकटीखाली अनेकदा ऐकले. मोडी मी फार उशिरा, बखरींच्या निमित्ताने शिकले. आजोबांनंतर दप्तराचा रुमाल माझ्याकडे आला, तो मुख्यतः घरात दुसऱ्या कोणाला मोडी वाचता येत नव्हती म्हणून. त्यात तशीच, त्याच वतनाची, करवीरची सनद निघाली. घडीवर घडी घालून अगदी तळाशी ठेवलेली. दोन्ही तारखांत वर्षाचेही अंतर नव्हते.

त्या दिवशी मला आजोबांचा राग आला होता. खेळाच्या दुसऱ्या नियमानंतर तो निवळला. दोन गाद्यांच्या मधल्या नदीकाठी राहणाऱ्या, राजा कोण हे न ठरलेल्या काळात जगणाऱ्या माणसाने दोन कागद घ्यावेत, यात मला आता शहाणपण दिसू लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी किती सावध, किती साशंक लिहिले आहे हे मी वर्गात शिकवते. ते वतनदार म्हणजे आम्हीच, हे प्रथमच जाणवले. आणि ते लिहिणारे स्वतः त्याच यादवीत एका बाजूचे कारभारी होते, हेही.

परंतु अलीकडे तो रुमाल पुन्हा उघडला, तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मी आजवर त्यांतील राजांची नावे वाचत होते; आता हक्कांची यादी वाचली. दोन्हींत गाव तेच होते, हक्क तेच होते, आणि दोन्ही सरकारांना त्या गावाकडून यायचे ते येणे बाकी होते. वतनदाराने दोन सनदा घेतल्या, याचा अर्थ गावावर दोन हक्क सांगितले गेले. फौजा दोन्ही बाजूंच्या आल्या असणार आणि वसूल दोनदा मागितला गेला असणार. माझ्या पूर्वजाचे ते शहाणपण कोणाच्या धान्यातून निघाले, हे त्या कागदांत लिहिलेले नाही. ते त्या कागदांचे कामच नव्हे. राजा कोण हा प्रश्न ज्यांना विचारला गेला नाही, त्यांनी त्याचे उत्तर दोनदा भरले.

माझ्या पटावरही त्यांच्यासाठी जागा नव्हती. पहिल्या नियमात नव्हती, दुसऱ्यातही नव्हती. निष्ठा असो, ओळख असो की शपथ असो, हे तिन्ही शब्द ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही आहे त्यांचे आहेत.

मी विद्यार्थ्याला फोन केला आणि नकाशावर प्रत्येक परगण्याखाली एक ओळ वाढवायला सांगितली. एका मुलखावर दोन सनदा पडल्या की दर वर्षी त्या ओळीतला लागवडीचा आकडा उतरतो. शून्यावर आला की गाव ओस पडते आणि त्या डावात पुन्हा वसत नाही. अंकांविषयी इतके लिहून झाल्यावर शेवटी मी एक अंकच मागितला, ही विसंगती मला मान्य आहे. पण हा अंक कोणाच्या मनाविषयी काही सांगत नाही. तो फक्त बिल कोणी भरले ते दाखवतो, आणि तो कोणी लिहिला हे नियमपुस्तिकेत लिहिलेले आहे.

१७५० साली, आपणच नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला ताराबाईने कैदेत टाकले आणि तो आपला नातू नव्हेच, असे पुढे जाहीर केले. ओळख देण्याची आणि काढून घेण्याची सत्ता तिला शेवटपर्यंत नीट समजलेली होती. आमचा खेळ मात्र १७३१ लाच थांबतो. वारणा ही सीमा ठरते, दोन्ही राजे राजे म्हणून मान्य होतात आणि गुण मोजले जातात. मागच्या डावात गुण मोजून झाल्यावर त्या विद्यार्थिनीने, जी पूर्वी ताराबाई खेळली होती तिने, नदीकाठच्या ओस परगण्यांवर बोट ठेवून विचारले, "मॅडम, हे कोणाच्या खात्यात मांडायचे?"

नियमपुस्तिकेत ती जागा अजून कोरी आहे.